थोरली, मधली, धाकटी

खंडेनवमीचं ऊन अंगणात उतरलं तरी वारक्यांचा नारळ फुटला नव्हता. ह्या घरात असं कधी झालं नव्हतं. तिन्ही गाड्या धुवून पुसून रांगेत उभ्या होत्या, झेंडूच्या माळा चढल्या होत्या, चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती, आणि जोतीरामआण्णा मांडीवर नारळ घेऊन खुर्चीत बसले होते. ताटात तिन्ही गाड्यांच्या किल्ल्या पडल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची रीत. ताटात दोनच किल्ल्या होत्या. तिसरी धाकट्या भावजयीच्या, क्रांतीच्या, मुठीत होती.

"क्रांती, किल्ली ठेव," विठाबाई म्हणाल्या. ह्या त्या घरातल्या थोरल्या जाऊबाई, आण्णांच्या मंडळी. आवाज न चढवता काम करून घ्यायची त्यांना सवय होती.

"न्हाय आक्का. पूजा करून ही जीप परत रस्त्यावर काढायची असंल तर मी किल्ली देत न्हाय."

"पूजेच्या दिवशी कसलं हे?"

"मग कवा बोलू? वर्षातनं ह्याच दिवशी सगळी जागेवर असता."

ते मात्र खरं होतं. एरवी तिघा भावांची घरं एका अंगणाला लागून असली तरी गाड्यांच्या वेळा तीन तऱ्हेच्या, त्यामुळं एकमेकांची तोंडं दिसायची ती गाडीच्या काचेतून.

वारक्यांच्या गाड्यांची भानगड आता नीट सांगायलाच हवी. नवी गाडी आली की ती थोरल्या भावाकडं जायची. थोरल्याची मधल्याकडं, मधल्याची धाकट्याकडं. ह्याला घरात 'गाडी खाली येणं' म्हणत. गाड्यांना नावंही तशीच पडली. आण्णांचा मुलगा विजयसिंह चालवायचा ती पांढरी, सगळ्यांत नवी, तिला थोरली म्हणत. मधले भाऊ धैर्यशीलबापू, त्यांची तांबडी, वडापची, म्हणजे वाटेत भेटेल ते माणूस भरून नेणारी, ती मधली. आणि क्रांतीचा नवरा ज्ञानू, भावांतला शेवटचा, त्याची हिरवी जीप वयानं सगळ्यांत म्हातारी, पण नाव तिचं धाकटी. गारगोटीत कुणी नवा पावणा हे ऐकून चक्रावला, की वारक्यांना त्याचंच हसू यायचं.

थोरली गोव्याला, जोतिबाला, कुठं कुठं पर्यटक घेऊन जायची. मधली गारगोटी-कोल्हापूर वडाप करायची. आणि धाकटीत, म्हणजे जिच्या दाराला दोरी बांधलेली होती तिच्यात, वाड्यावस्त्यांवरची पोरं शाळेला जायची. ह्यात काही उलटं आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. सवयच तशी पडली होती.

परवा ती जीप उसात गेली. वेदगंगेकडच्या उतारावर ज्ञानूनं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गिअर टाकून बघितला, हँडब्रेक ओढून बघितला, आणि मग त्यानं डोळे उघडे ठेवून गाडी डावीकडं उभ्या उसात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. जिपेच्या मागच्या बाकावर पोरांबरोबर क्रांती होती, कारण पोरं सांभाळायला रोज तीच जायची. तिनं पोरांना उतरवलं, ऊस मोडून एकेकाच्या हातात दिला, आणि पोरं बांधावर बसून ऊस खाऊ लागली. गावात ही गोष्ट हसून हसून सांगितली जात होती. वारक्यांची जीप पोरांना ऊस खायला घेऊन गेली म्हणे.

विजयसिंहही हसला होता. पण आज त्याला हसू येत नव्हतं. उद्या दसरा, आणि उद्याच नवी गाडी दारात आणायची ठरली होती. कोल्हापुरात शोरूमला टोकन देऊन तो मोकळा झाला होता. त्याच्या सासुरवाडीला, कबनूरला, यंत्रमागांचे कारखाने होते आणि मेव्हण्यानं गेल्याच महिन्यात मोठी गाडी घेतली होती. नवरात्राला माहेरी जाताना बायको काही बोलली नव्हती. पण ती एसटीनं गेली होती, आणि त्याला ते लागलं होतं.

"काकी, मी काय म्हणतो ते ऐक," तो पुढं येऊन म्हणाला. "ही जीप मोडीत घालायचीच हाय. उद्या नवी आली की थोरली बापूंच्याकडं, मधली ज्ञानूनानांच्याकडं. तुमचा प्रश्नच मिटतोय की."

"मधली आमच्याकडं आली की मिटतोय?"

"मग? जिपेपेक्षा सात वर्षांनी नवी हाय ती."

"विजय, गाडीचं वय तू कागदावर बघतोयस. जीप दिवसातनं दोनदा वाड्यांवर जाऊन येती आणि सावलीत उभी ऱ्हाती. मधली कोंबडा आरवल्यापासनं कोल्हापूर-गारगोटी, कोल्हापूर-गारगोटी. तूच सांग, जास्त कोण पळालंय?"

विजयसिंहानं मधलीकडं बघितलं. मधलीचा मीटर कधीचा बंद पडला होता, पण ते कळायला मीटर लागत नव्हता.

"बापू," क्रांती दुसऱ्या दिराकडं वळली, "सीटखाली ऑइलचा डबा ठेवता का न्हाय तुमी?"

धैर्यशीलबापू आतापर्यंत मधलीच्या बॉनेटला टेकून दात कोरत होते. ह्या भांडणात आपलं काही जात नाही, उलट उद्या एसीची गाडी मिळते, अशी त्यांची समजूत होती.

"ठेवतो की. सगळीच ठेवत्यात."

"कवा ओतता?"

"निम्म्या वाटंवर एकदा," बापू म्हणाले आणि मग जीभ चावली.

"म्हंजे कोल्हापूरला पोचायच्या आदीच इंजिन सगळं ऑइल पितंय. आणि ती गाडी खाली आणून तिच्यात पोरं बसवायची. ब्रेक गेलेली देऊन इंजिन गेलेली घ्यायची, ह्याला काय म्हणायचं?"

"आगं, पण चांगली करून देतो की मी," बापू म्हणाले. "रंग मारून देतो."

रंगाचं नाव निघालं आणि क्रांतीला खरोखर राग आला. ह्या घरात दर दसऱ्याला गाड्यांना रंग लागायचा. दाराचा पत्रा कुजला तरी वरून रंग, आणि मागच्या काचेवर जोतिबाच्या नावाची नवी अक्षरं. जिपेच्या अंगावर आता पत्र्यापेक्षा रंगच जास्त होता. ब्रेकचा पाइप मात्र अजून सासऱ्यांच्या वेळचा.

"रंगानं गाडी थांबत न्हाय, बापू," ती म्हणाली.

जोतीरामआण्णांनी नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. धाकट्या भावजयीनं आपल्यासमोर इतकं बोलावं हे त्यांना रुचलं नव्हतं, पण त्याहून जास्त त्यांना ती जीप दिसत होती. वडिलांनी आणलेली शेवटची गाडी. जोतिबाला जाऊन आले तेव्हा उधळलेला गुलाल दाराच्या बिजागरीत अजून होता. कितीही धुतलं तरी तो पूर्ण निघाला नव्हता.

"क्रांती, ही रीत उगं पडलेली न्हाय," ते म्हणाले. "वडील गेले तवा ह्या दोघांना मिसरूड न्हवतं फुटलेलं. गाडीचा हप्ता माझ्या नावावर. बँकेचा माणूस दारात आला तर मी म्होरं जायचो. नवी गाडी माझ्याकडं, कारण तिची धास्तीबी माझ्याकडं. ह्यांना जुनी दिली ती हप्ता फिटलेली, निवांत झोपा म्हणून दिली."

"ते मला म्हाईत हाय, आण्णा. तुमच्या जिवावर आम्ही निवांत झोपलो, ह्यात काय खोटं न्हाय."

"मग?"

"आता हप्ता तुमच्या नावावर कुठं हाय? आता गाडीभिशी हाय. तिघांच्या घरातनं महिन्याला सारखं पडतंय. धास्ती वाटून घेतली, मग नवी गाडीच तेवढी एकाच दारात का जाती?"

 भिशी काढली तेव्हा आपणच मोठ्या हौसेनं काढली होती, आणि तेव्हा सगळं बदललं हे आपल्या ध्यानातच आलं नाही, एवढंच आण्णांच्या मनात आलं. त्यांना थोडी लाजही वाटली. ते भावाकडं बघू लागले.

ज्ञानू अंगणाच्या कडेला चप्पल घालून उकिडवा बसला होता. परवापासून त्याला एक खोड लागली होती. बसल्या जागी त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, जेवताना, चहा पिताना, झोपेतसुद्धा. आत्ताही पायाखालच्या मातीत खळगा पडला होता. ह्या जिपेचा एकेक आवाज त्याला पाठ होता. कुठली खडखड दाराची, कुठली चाकांवरच्या पाट्यांची, सगळं. आपण ती सांभाळून नेऊ, आपल्याला ती कधी दगा देणार नाही, असं तो क्रांतीला वर्षभर सांगत आला होता. आणि त्या उतारावर तिनं एकसुद्धा आवाज केला नाही. ह्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

"ज्ञानू, तू काय म्हणतोस?" आण्णांनी विचारलं.

"ती म्हणती तेच," ज्ञानू म्हणाला. "माझ्या हातनं आता ती चालणार न्हाय."

"असं काय झालंय एवढं?" विजयसिंह वैतागून म्हणाला. "ब्रेक गेला, उसात गेली, पोरं हसत घरला आली. ब्रेक सगळ्यांचाच जातोय कवा ना कवा."

क्रांती त्याच्याकडं वळली. "उसात गेली म्हणून थांबली. उसाच्या म्होरं—" ती म्हणाली आणि ज्ञानूकडं बघून तिथंच थांबली. ज्ञानूनं मान खाली घातली होती. तिनं पुढचं गिळून टाकलं.

चहा करायला म्हणून विठाबाई आत गेल्या. खरं तर चहा मघाशीच झाला होता. क्रांतीही मागोमाग गेली, कारण जाऊबाई चुलीपुढं एकट्या गेल्या म्हणजे बोलायचं आहे, हे तिला इतक्या वर्षांत कळत होतं.

"मोठ्या दिराला भर अंगणात जाब विचारतीस," विठाबाई पातेलं धुता धुता म्हणाल्या. "मला एकदा कानात सांगितलं असतंस तर?"

"सांगितलंतं आक्का. पावसाळ्यात सांगितलं. तुम्ही म्हणालात, दसऱ्याला बगू."

विठाबाईंना ते आठवलं. म्हणाल्या होत्या खऱ्या. "विजयनं टोकन दिलंय गं. सासरच्यांम्होरं त्याची मान खाली जाईल. आणि थोरली दिसायला जुनी झाली की गिऱ्हाईक दुसरी गाडी बगतंय. घरात जास्त पैसा तीच आणती, हे तर तू मानशील?"

"मानतो की. थोरली त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे. सीटकव्हर बदलू दे, एसी करून घेऊ दे, आणि दोन वर्षं चालू दे. मी कुठं त्याची गाडी मागतोय?" क्रांती जरा थांबली. "कागलच्या एका शाळेनं मोठी बस घेतलीय. त्यांची लहान गाडी विकायची हाय. एकच ड्रायव्हर, एकच रस्ता, शाळेला सुट्टी तवा गाडीला सुट्टी. मी जाऊन खालनंवरनं बघून आलोय. भिशीत हाय तेवढ्यात येती, हप्ता लागत न्हाय."

"एकटी गेलतीस?"

"मेस्त्रीला घेऊन गेलतो."

विठाबाई गाळणी हातात घेऊन उभ्या राहिल्या. ही बाई रागाच्या भरात बोलत नाही, गाडी बघून, ठरवून आली आहे, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना तिची जरा भीतीच वाटली. आणि खरं सांगायचं तर कौतुकही.

"आक्का, एक विचारू?" क्रांती म्हणाली. "राग मानू नका. विजयची नंदी कुठल्या गाडीतनं शाळेला जाती?"

विठाबाईंनी चहा गाळला.

अंगणात तोवर वाऱ्यानं दिशा बदलली होती. धैर्यशीलबापू पहिल्यांदाच थोरलीत शिरून बसले होते, आणि बाहेर आले ते विचारात पडून.

"विजू, हिच्यात माणसं किती बसत्यात रं?"

"सात. ड्रायव्हर धरून."

"सातच?" बापूंनी मधलीकडं बघितलं. तिच्यात किती बसायची हे ते पोलिसाला कधी सांगत नसत, भावालाही नाही. "आणि बूड एवढं खाली. गारगोटीच्या अलीकडचा रस्ता बघितलास का? पहिल्याच आठवड्यात खालचा पत्रा सोलून निघंल."

"एसी हाय बापू तिला."

"कोंबड्या घेऊन बसत्यात माझ्यात, त्यास्नी एसी कशाला?" बापू म्हणाले. "न्हाय बाबा. मला ही खाली आणू नको. माझी मधली अजून महिन्याभरानं विकाय काढतो. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या आणायला गिऱ्हाईक फिरतंय, त्याला खरं सांगून विकतो, इंजिन करून घे म्हणतो. त्यात भर घालून माझी मी बगतो, वडापला चालंल अशी."

विजयसिंह त्यांच्याकडं बघतच राहिला. सकाळपर्यंत हाच माणूस त्याच्या बाजूनं होता. नवी गाडी आणायची तर जुनी कुणीतरी घ्यायला हवी, आणि आता खाली घ्यायला कुणीच तयार नव्हतं. त्याला एकटं वाटलं, आणि मग राग आला.

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या तेव्हा तो मोठ्यानंच बोलत होता. "म्हंजे मी तेवढा वाईट. दिवसरात्र गाडी चालवून घर वर आणतोय तो मी. नवी घ्यायची म्हटलं की सगळ्यांच्या पोटात दुखतंय. बरं, भिशी नको मला. दसऱ्याला न्हाय तर दिवाळी पाडव्याला आणतो. माझं मी कर्ज काढतो."

"काढ," क्रांती म्हणाली. "तुझी तू घेतलीस तर कोण काय म्हणतंय? मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. नंदी त्याच शाळेत जाती. माझी गाडी दारातनंच जाती, जागाबी हाय. तू तिला दुसऱ्या गाडीला पैसे भरून का पाठवतोस?"

राजनंदिनी विजयसिंहाची मुलगी, तिसरीत होती. घरची गाडी दारातून शाळेला जायची आणि ही कोपऱ्यावर जाऊन दुसऱ्या गाडीची वाट बघायची. गावानं कधी विचारलं नव्हतं. घरानंही.

विजयसिंहानं थोरलीवरची माळ सरळ केली. आण्णांनी नारळाकडं बघितलं. बापू पायांकडं बघत राहिले.

"भ्या वाटतंय म्हणून," विठाबाई म्हणाल्या. कपबश्यांचा ट्रे त्यांनी खाली ठेवला. "त्याला भ्या वाटतंय, मलाबी वाटतंय. म्हणून पाठवत न्हाय. आपल्या पोरीला जी गाडी नको ती दुसऱ्यांच्या पोरांना चालवली आम्ही. आता काय सांगायचं ऱ्हायलंय?"

 मग जोतीरामआण्णा उठले. गुडघा धरून उठले, पण उठल्यावर ताठ उभे राहिले.

"ऐका आता," ते म्हणाले. "आजपासनं गाडी खाली यायची बंद. ज्याचं काम जसं, त्याला गाडी तशी. ज्या गाडीत दुसऱ्यांची पोरं बसत्यात तिचा नंबर पयला. भिशीतनं कागलची गाडी घ्यायची. धैर्यशील, मधली तुझी तू वीक. विजय, थोरली तुझी. पाडव्याला काय करायचं ते तुझं तू ठरव, मी आडवा येत न्हाय."

"आणि जीप?" बापूंनी विचारलं. "डोंगराकडं एक पावणं हायत, गवत वाहायला पायजे म्हणत्यात. चार पैसे येत्याल."

"आज गवत वाहतील आणि उद्या माणसं बसवतील," क्रांती म्हणाली. "मोडीतच जाऊ दे, बापू."

आण्णांनी जिपेकडं बघितलं. त्यांना ते जड गेलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "मोडीतच," ते म्हणाले. "तेवढी ती बिजागरी काढून ठेवा मला."

"पण कागलची गाडी हातात यायला, नावावर व्हायला सुट्टी उजाडंल," ज्ञानू हळूच म्हणाला. "परीक्षा तोंडावर आल्यात. तवर पोरं कशातनं न्यायची?"

सगळ्यांच्या नजरा पांढऱ्या गाडीवर गेल्या.

"न्हाय," विजयसिंह म्हणाला. "दिवाळीचं बुकिंग हाय माझं. त्यात पोरं. सीटवर चिक्की चिकटवत्यात ती."

"दोन खेपा करू," ज्ञानू म्हणाला. "सकाळी लौकर निघू. मी चालवतो."

"थोरलीला मी सोडून कोण हात लावत न्हाय, नाना."

"मग तूच चालव," विठाबाई म्हणाल्या आणि क्रांतीपुढं ताट धरलं. "ठेव किल्ली. पूजा कर आणि निरोप दे बिचारीला. इतकी वर्षं तिनं तरी कुणाचं काय वाईट केलंय?"

क्रांतीनं किल्ली ताटात ठेवली. आण्णांनी नारळ जिपेसमोर फोडला, आणि फुटल्यावर पाणी हातात घेऊन तिच्या दाराला लावलं. ज्ञानूचे डोळे भरून आले. त्यानं ते बाहीनं पुसले आणि बॅटरीची वायर काढायला बॉनेट उघडलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी विजयसिंहानं थोरली शाळेसाठी बाहेर काढली. तोंड पाडूनच काढली. सीटवर त्यानं जुनी चादर अंथरली होती. पाडव्याची गाडी त्याच्या डोक्यातून गेलेली नव्हती. रात्री दोनदा त्यानं शोरूमच्या माणसाशी बोलणं केलं होतं. शेजारच्या सीटवर ज्ञानू बसला, कारण कुठल्या वळणावर कुठलं पोर उभं असतं ते त्यालाच ठाऊक होतं. मागं क्रांती, आणि दाटीवाटीनं पोरं. नंदी क्रांतीच्या मांडीला टेकून बसली होती. कोपऱ्यावरच्या गाडीला तिनं आजच काचेतून हात केला होता.

उतार लागला. विजयसिंहानं ब्रेकवर पाय ठेवला, आणि त्याला दिसलं की शेजारी ज्ञानूनंही पाय दाबलाय, मोकळ्या जागेत, अंगठा पांढरा होईपर्यंत. गाडी सावकाश खाली आली.

"हितंच आमी ऊस खाल्ला," मागून एक पोर म्हणालं. "आज ऊस न्हाय का काकी?"

विजयसिंहानं गाडी बाजूला घेतली. का घेतली ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढी गावभर झालेली जागा आपण बघितलीच नाही, इतकंच वाटलं. तो उतरला. उसात जीप गेलेली वाट अजून तशीच होती, दोन्ही चाकांखाली ऊस आडवा झालेला. तो त्या वाटेनं आत गेला. वाट लांब नव्हती. आडवा ऊस संपला, पुढं उभ्या उसाची एक सरी होती, आणि सरीपलीकडं विहीर. कठडा नसलेली, आणि पाणी अगदी वरपर्यंत आलेली. जिपेच्या बंपरनं त्या शेवटच्या सरीतले दोन-तीन ऊस वाकवले होते. ते अजून वाकलेलेच होते.

त्यानं मागं वळून बघितलं. पोरांना बसवलं होतं तो बांध रस्त्याच्या बाजूला होता. ऊस हातात दिलेली पोरं रस्त्याकडं तोंड करून बसली असणार. विहिरीकडं त्यांची पाठ. काकीनं त्यांना तसं का बसवलं हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. तो थोडा वेळ उसाला धरून उभा राहिला.

परत आला तेव्हा ज्ञानू समोर बघत बसला होता. क्रांती त्याच्याकडं बघत होती.

"पप्पा, काय हाय तिकडं?" नंदीनं विचारलं.

"काय न्हाय. ऊस हाय."

त्यानं खिशातून फोन काढला आणि दारात उभ्यानंच लावला. "हां, वारके बोलतोय गारगोटीतनं. ती पाडव्याची गाडी... नको. न्हाय, रंग न्हाय बदलायचा. गाडीच नको. टोकनचं काय ते नंतर बघू." पलीकडचा बरंच काही सांगत होता. त्यानं ते पूर्ण ऐकलं नाही.

मग तो स्टिअरिंगवर बसला, आरसा नीट केला. आरशात नंदी होती, आणि तिच्या अवतीभवती सगळी बाकीची पोरं.

"काकी," तो म्हणाला, "कागलला आजच जाऊया का? पोरं सोडली की लगेच?"

"जाऊया की," क्रांती म्हणाली. "आता गाडी म्होरं घे. शाळा भरायला आली."